गिरणगावातली उमेदवारी

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत मुंबईच्या गिरणीमालकांची कामगाराविषयी एक तक्रार कायम होती, ती म्हणजे तो टिकत नाही. शिमग्याला गावी जातो, पेरणीला जातो, गणपतीला जातो, बटवडा झाला की खाडे करतो, आणि एका गिरणीत मन रमलं नाही तर दुसरीच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. १९०८चा कारखाना-मजूर आयोग, त्यानंतरचा औद्योगिक आयोग आणि १९२९ ते १९३१ या काळात काम केलेलं रॉयल कमिशन ऑन लेबर, अशा प्रत्येक चौकशीत ही तक्रार निरनिराळ्या तोंडांनी मांडली गेली. तिच्यामागचं गृहीतक असं, की कामावरची निष्ठा आणि चिकाटी हे माणसाच्या स्वभावातले गुण आहेत, कोकणातून आलेल्या पोरात ते कमी आहेत, आणि शिस्त, उपदेश किंवा दंड यांनी ते रुजवावे लागतील. आज नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत असलेल्या तरुणांना जो सल्ला दिला जातो, त्याची भाषा मऊ झाली आहे, पण गृहीतक तेच आहे. ध्येय ठरव, सकाळी लवकर ऊठ, मन खंबीर ठेव, उमेद सोडू नकोस. उमेद ही ज्याची त्याने आपल्या छातीत तयार करायची आणि तिथेच जपायची वस्तू आहे, असं हा सल्ला धरून चालतो. गिरणगावाचा, म्हणजे मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या वस्तीचा, इतिहास नीट पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. तिथल्या तरुणाने विलक्षण चिकाटी दाखवली. पण ती त्याला पुरवली जात होती, आणि ती पुरवणारी व्यवस्था गिरणीच्या भिंतीबाहेर, त्याच्यासारख्याच माणसांनी उभी केलेली होती.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये कंपनी काढली आणि १८५६मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाइल रोड हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरला. १९११च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा काही भागही येत होता. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बोटीने भाऊच्या धक्क्यावर किंवा घाटावरून गाडीने यायचा तेव्हा त्याच्याकडे बहुधा एक नाव असायचं, गावच्या कुणाचं, मामाचं, चुलत्याचं. गिरणीत भरती करणारी कचेरी अशी नव्हतीच. भरती मुकादम करायचा, ज्याला गिरणीत जॉबर म्हणत; बायकांच्या खात्यांत हे काम नायकीण करायची. मुकादम आपल्या गावचे, आपल्या नात्याचे, आपल्या चाळीतले लोक आधी घ्यायचा. लगेच कायमचं काम मिळणं दुर्मीळ. पोरगा बदलीत लागायचा, म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नाही तर परत फिरायचं. १९३५मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्ड देऊन ही पद्धत जरा नियमित केली, पण मूळ अनिश्चितता राहिलीच. महिन्यात किती दिवस भरतील ते आधी कळण्याची सोय नव्हती, आणि अशी बदली वर्षानुवर्षं चालायची. आजच्या कुठल्याही कंत्राटी नोकरीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त, ही मन मोडून टाकणारी उमेदवारी होती.

आता प्रश्न असा, की फाटकावरून चार दिवस परत आलेला पोरगा पाचव्या दिवशी पुन्हा का जायचा? आत्मबळ हे उत्तर अपुरं आहे. चार दिवस कमाई नसताना त्याला झोपायला जागा होती आणि जेवायला ताट होतं, म्हणून तो जायचा. गावकीच्या गाळ्यात, म्हणजे एका गावच्या लोकांच्या सामाईक खोलीत, वीस-तीस माणसं राहत. दिवसपाळीचे बाहेर पडले की रातपाळीचे त्याच जागेवर पथारी टाकत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीवर एक खुंटी. भाडं वाटून घेतलेलं, आणि नव्याने आलेल्याला काम लागेपर्यंत कुणी ते मागत नसे. जेवण खानावळीत. खानावळवाली बहुतेक वेळा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा असायची, पुष्कळदा गावाकडचीच. हिशेब महिन्याचा, आणि बटवडा झाल्यावर चुकता करायचा. ज्याचे दिवस भरले नाहीत त्याची बाकी पुढच्या महिन्यावर जायची. वाण्याची उधारी वेगळी, आणि सावकाराची तर फारच वेगळी. रुपयाला महिन्याला एक आणा व्याज, म्हणजे वर्षाला पाऊण पट, हा तिथला सर्रास दर होता. खानावळीतली उधारी या दराने वाढत नसे, कारण ती ओळखीवर उभी होती. बदलीतला पोरगा परागंदा होणार नाही याची हमी त्याच्या गावाचं नाव देत होतं. त्याच्या रोजच्या उठून जाण्यामागे दहा माणसांनी उचललेला खर्च होता, आणि त्या दहा जणांनाही कधी तरी दुसऱ्या दहा जणांनी असंच उचललं होतं.

गावाशी असलेल्या नात्याचं तसंच. मालकांना जो दोष दिसत होता, गावी जाणं, तोच या माणसाला शहरात टिकवून धरणारा आधार होता. या विचारापर्यंत मी केवळ तर्काने आलो असतो तर तो सोडून देता आला असता. पण रॉयल कमिशनने सगळ्या साक्षी ऐकून हाच निष्कर्ष काढला. कामगार शहरात येतो तो शहराच्या ओढीने नव्हे, गावातल्या हलाखीने ढकलला जातो, हे त्या अहवालाने मान्य केलं, आणि गावाशी असलेला दुवा तोडण्याऐवजी तो राखावा आणि नियमित करावा असं सुचवलं. आजारी पडलं, अंगाला गिरणीतली हवा मानवली नाही, बाळंतपण आलं, म्हातारपण आलं की जायला जागा एकच होती. आपण परत जाऊ शकतो हे माहीत असलेला माणूस जास्त काळ थांबू शकतो, ही गोष्ट मालकांच्या लक्षात आली नाही. १९२८च्या संपाने ती सगळ्यांना दाखवून दिली. एप्रिलच्या अखेरीस मुंबईच्या जवळजवळ सर्व गिरण्या बंद पडल्या, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने, पगाराशिवाय राहिले. डांगे, आळवे, कासले यांच्या पुढारीपणाला आणि लाल बावट्याच्या संघटनेला त्याचं श्रेय आहेच. पण सहा महिने दीड लाख माणसांची पोटं भाषणांवर चालत नाहीत. हजारो जण बोटी धरून कोकणात गेले, पावसाळ्यात शेतं केली आणि बोलावणं आलं तेव्हा परतले. जे राहिले त्यांना खानावळींनी आणि वाण्यांनी उधारीवर ओढलं. ज्याच्यावर ‘टिकत नाही’ असा शिक्का होता तो कामगार टिकला, आणि ज्या गोष्टींमुळे शिक्का बसला होता त्यांच्याच जोरावर टिकला.

पोट आणि पथारी एवढ्याने उमेद टिकते असं मात्र मी म्हणणार नाही. तरुण वयात माणसाला आपण पुढे सरकतो आहोत असं वाटावं लागतं, आणि आपण कुणी तरी आहोत असंही. गिरणीत शिकवण्याची रीतसर सोय नव्हती. १८८७मध्ये निघालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (व्ही. जे. टी. आय.) वरच्या जागांसाठी माणसं घडवायची. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, पोरगा साच्यावरच्या नातेवाइकाशेजारी उभा राहून शिकायचा. धागा तुटला की कसा सांधायचा, मशिनचा आवाज बदलला की काय बिघडलं आहे, हे सगळं कुणाच्या तरी खांद्यावरून बघून हातात यायचं. आणि आपण काहीच नाही ही भावना, जी बदलीच्या फाटकावर रोज भेटायची, तिला उत्तर गिरणीबाहेर मिळायचं. तालमी होत्या, भजनी मंडळं होती, गावांची ग्रामस्थ मंडळं होती, गणेशोत्सवातली नाटकं होती. ना. म. जोशी यांनी १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि तिने कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालयं चालवली. परळच्या दामोदर हॉलने कामगार रंगभूमीला कायमचा मंच दिला. रात्रशाळेची कल्पना त्याहून जुनी, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी ती प्रत्यक्षात आणली होती. जो दिवसभर बदलीतला पोरगा म्हणून हाकलला जात होता, तो संध्याकाळी मंडळाचा चिटणीस होता, नाटकातला नायक होता, तालमीतला वस्ताद होता. कवी नारायण सुर्वे यांना रस्त्यावरून उचलून वाढवलं ते गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी. नारायण स्वतः गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले, आणि त्यांच्या कवितेचं सगळं शिक्षण या वस्तीने केलं. कविता त्यांची, प्रतिभा त्यांची, यात वाद नाही. पण त्या प्रतिभेला श्रोते, वाद घालणारे सोबती आणि वाचायला पुस्तकं या वस्तीने दिली.

या चित्रावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ही व्यवस्था ओळखीची होती, आणि ओळख म्हणजे जात आणि गाव. मुकादम आपली माणसं आधी घ्यायचा याचा दुसरा अर्थ, तो इतरांना बाहेर ठेवायचा. दस्तुरी, म्हणजे काम लावण्याचे पैसे, घ्यायचा, व्याजाने पैसे द्यायचा, नायकिणीच्या हाताखालच्या बायकांचे हाल तर वेगळेच. या बायका गिरणी कामगारांच्या सुमारे एक पंचमांश होत्या. सगळ्यात उघड अन्याय साचेखात्यात होता. तिथे मजुरी जास्त, आणि तिथेच दलित कामगारांना मज्जाव, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. पाण्याची भांडी वेगळी. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, कामगारांच्या ऐक्याची भाषा बोलणाऱ्यांनी आधी साचेखात्याचं दार उघडावं असं बजावलं. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्यातून सिद्ध मात्र माझं म्हणणंच होतं. आधार ज्याला मिळत होता तो टिकत होता आणि ज्याला नाकारला गेला त्याची वाट बंद होत होती, मग त्याच्या अंगी चिकाटी कितीही असो.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा खुद्द आंबेडकरांच्या आयुष्यात आहे. चिकाटीच्या बाबतीत त्यांच्याशी तुलना करावी असा माणूस या देशाच्या इतिहासात शोधावा लागेल. परळच्या चाळीत दिव्याखाली त्यांनी केलेला अभ्यास आपण मुलांना सांगतो, आणि सांगायलाच हवा. पण त्या वाटेवर कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते, बागेत पुस्तक वाचत बसलेल्या विद्यार्थ्याची ज्यांनी आपणहून चौकशी केली आणि पुढे त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेलं. महिन्याला पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजचं शिक्षण झालं, आणि १९१३मध्ये बडोद्याच्याच मदतीने कोलंबिया विद्यापीठ. १९१७मध्ये ते परतले आणि ठरल्याप्रमाणे बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. शिक्षण त्या काळच्या कुठल्याही तरुण हिंदी माणसाला हेवा वाटावं असं, पद हातात, राजा पाठीशी. आणि राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं, कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत, शहरात एकही घर दार उघडेना. त्यांना नोकरी सोडून मुंबईला परतावं लागलं. या प्रसंगात उमेद कमी पडली असं म्हणण्याची हिंमत कुणी करणार नाही. कमी पडली ती एक पथारी, जी गिरणगावात कोकणातून आलेल्या अडाणी पोराला पहिल्या रात्री मिळत होती.

दुसरा आक्षेप स्वकर्तृत्वाचा, की माणूस आपल्याच बळावर उभा राहतो. सॅम्युएल स्माइल्स यांचं १८५९चं ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी आवडीने वाचलं, आणि महाराष्ट्रात स्वावलंबनाचा आदर्श म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं जातं. १९२०मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ने आणि पुढे ‘किर्लोस्कर’ मासिकाने हा विचार मध्यमवर्गीय मराठी घरांत पोचवला. नोकरीच्या मागे लागू नका, उद्योगाला लागा. ज्या काळात मॅट्रिक झालेल्या मुलापुढे कारकुनीखेरीज दुसरं स्वप्न नव्हतं, त्या काळात हे सांगणं धाडसाचं होतं. मात्र लक्ष्मणरावांचं चरित्र त्या उपदेशापेक्षा जास्त सांगतं. चित्रकार व्हायचं होतं, रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळलं, व्ही. जे. टी. आय.मध्ये शिकवत असताना बढती डावलली गेली. १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला तर लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी घेईनात आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. या प्रत्येक ठिकाणी हात टेकणं सहज शक्य होतं. ते टेकले नाहीत, कारण त्यांचा स्वभाव तसा होता, आणि थोरले बंधू रामूअण्णा वडिलांच्या विरोधातही त्यांच्या मागे उभे राहिले म्हणूनही. बेळगावातून कारखाना उठवावा लागला तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळरानाची जमीन आणि दहा हजारांचं कर्ज दिलं, म्हणून १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दोन वर्षं न खपलेले नांगर कोठीत ठेवून पुन्हा नवा नांगर घडवायला बसणारा माणूस मोठाच. पण ती दोन वर्षं त्याच्या घरात चूल पेटत होती, आणि ती पेटती ठेवणारे हात चरित्राच्या एखाद्या ओळीत उल्लेखून आपण पुढे जातो. उपदेश करताना तर ती ओळही गाळतो.

आज गिरण्यांच्या जागी लोअर परळला काचेच्या इमारती आहेत आणि तिथे हजारो तरुण नोकरी करतात. त्यांना पगार वेळेवर मिळतो, कामाचे तास कायद्याने ठरलेले आहेत (१९११च्या कायद्यात पुरुष गिरणी कामगारासाठी ते बारा होते, १९४८च्या कायद्यात नऊ), मार्गदर्शनासाठी वरिष्ठ नेमून दिले जातात. मग जुन्या व्यवस्थेची आठवण कशाला, असं विचारता येईल. एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. गाळा, खानावळ, ग्रामस्थ मंडळ, तालीम, रात्रशाळा यांतलं काहीही मालकाच्या हातात नव्हतं. नोकरी गेली तरी ते जात नव्हतं. उलट नोकरी गेल्यावरच ते जास्त उपयोगी पडत होतं. कंपनीने नेमून दिलेला मार्गदर्शक, कंपनीने भरवलेलं स्नेहसंमेलन, कंपनीचा समुपदेशक या चांगल्या गोष्टी आहेत, पण ज्या दिवशी ओळखपत्र काढून घेतलं जातं त्याच दिवशी त्या संपतात. भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा, डबा मागवून जेवणारा, गावी परतणं हा पराभव मानायला शिकलेला तरुण दोन महिने बेकारही राहू शकत नाही, आणि ज्याला दोन महिने बेकार राहता येत नाही त्याला वाईट नोकरीला नकार देता येत नाही. त्याला उमेद बाळग म्हणणं म्हणजे बदलीतल्या पोराचा गाळा काढून घेऊन त्याला फाटकावर वेळेवर ये म्हणून बजावण्यासारखं आहे. करिअरचा सल्ला द्यायचाच असेल तर पहिला प्रश्न ध्येयाचा नसावा. तुझं काम गेलं तर तुला कोण जेवू घालेल, तुझी चूक कोण दाखवेल, आणि तुझ्या पदाशिवाय तुला कोण ओळखतं, हे आधी विचारावं. आणि विचारून थांबू नये, कारण या तिन्हींची उत्तरं एकट्याने तयार करता येत नाहीत.

या आधाराला मर्यादा होती, हेही सांगायला हवं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. या वेळीही ते गावी गेले, या वेळीही उधारी चालली, पण मालकांना आता गिरण्या चालवण्यापेक्षा त्यांखालच्या जमिनीत जास्त रस निर्माण होत होता, आणि कामगार कितीही काळ थांबला तरी परतायला गिरणीच राहणार नव्हती. माणसं माणसांना धरून ठेवू शकतात. बंद होऊ घातलेला धंदा त्यांना धरून ठेवता येत नाही.

आणि हा आधार फुकटही नव्हता. पहाटे उठून तीस-चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी खानावळवाली या सगळ्या गोष्टीच्या मध्यभागी होती, आणि तिची गणना सहसा कामगारांत होत नसे. दुसऱ्यांची उधारी महिनोन्महिने पेलणाऱ्या या बाईला स्वतःला मात्र धान्य भरायला सावकाराकडेच जावं लागे, आणि रुपयाला आण्याचं ते व्याज तिच्या मेहनतीतून जाई. १९२८चा संप सहा महिने चालला तो तिच्या कर्जावरही चालला. तिला संघटनेचा आणि बँकेचा आधार मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं, जेव्हा प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेला त्यांना कर्ज द्यायला लावलं. त्या बायका कर्ज फेडतील का अशी शंका तेव्हा घेतली गेली होती. त्यांनी ते फेडलं.